भोंग्याचं तोंड जठारपेठेकडे

लग्न रामदासपेठेत होतं आणि गाणी जठारपेठेत ऐकू येत होती.

साल १९६६, महिना वैशाख, गाव अकोला. मंडपात पंगत बसलेली, बाहेर कडुनिंबाच्या फांदीला काथ्याने आवळून बांधलेला भोंगा, आणि त्या भोंग्याने मंडपाकडे चक्क पाठ फिरवलेली. वरपक्षाचे एक काका बराच वेळ सोसत होते. शेवटी जिलबी अर्धी टाकून, उष्ट्या हातानेच ते बाहेर आले.

"काहून बे पोट्ट्या, आमच्या पाव्हन्याइले काहीच आयकू येऊन नाही राह्यलं. भोंगा तिकळे काहून लावला?"

लाउडस्पीकरवाल्या पोराने गंभीर चेहरा करून आभाळाकडे पाहिलं. "हवा तिकळची हाय, काका."

वैशाखातल्या दुपारी अकोल्यात हवा असते ही गोष्ट अकोल्यातल्या माणसाला पटवणं सोपं नाही. पण त्या काळी यंत्राजवळ बसलेला माणूस बोलला की तो शास्त्र बोलला, असं धरून चालायची पद्धत होती. काका परत गेले. भोंगा हलला नाही. तिकडे जठारपेठेतल्या एका माडीवर वाळवणाला राखण बसलेल्या एका मुलीला कळलं की आज बुकिंग रामदासपेठेत आहे, आणि संध्याकाळी सातच्या आत काही तो मोकळा होत नाही.

ती दोघं आता ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. नावं छापायची नाहीत, या अटीवर गोष्ट सांगतात. अट आजीबाईंची. आजोबांची नाव छापायला हरकत नाही, फोटोही चालेल.

साठीच्या दशकात संगीताच्या धंद्यातल्या माणसाशी जमलं, असं म्हटलं की डोळ्यापुढे मुंबईचे स्टुडिओ येतात. वऱ्हाडात या धंद्याची माणसं वेगळी. बँडवाले, पेटीमास्तर, रेडिओ दुरुस्त करणारे, टांग्यात बसून सिनेमाची जाहिरात पुकारणारे आणि लाउडस्पीकरवाले. गावाचा जीव मात्र सिनेमातच. अमरावतीत तर चित्रा, श्याम, सरोज, राजकमल या टॉकीजची नावं चौकांनाच चिकटून बसली आहेत. अकोल्यातही माणेक टॉकीज सांगितली की टांगेवाल्याला पुढचं सांगावं लागत नसे. बँडमास्तर नवं गाणं शिकायला खालच्या वर्गाचं तिकीट काढून तोच सिनेमा चार-चारदा पाहायचा, आणि घरी मात्र हे पैसे धंद्याच्या खर्चात धरायचा.

लाउडस्पीकरवाल्याचं सगळं भांडवल एका ट्रंकेत मावत असे. अॅम्प्लिफायर, माईक, तबकडी फिरवायचं यंत्र, तारांचं भेंडोळं. भोंगा तेवढा बाहेर, खांद्यावर. शिवाय सुयांची पत्र्याची चपटी डबी, झाकणावर ग्रामोफोनसमोर कान देऊन बसलेला तो प्रसिद्ध कुत्रा. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. म्हणजे दर तीन मिनिटांनी उठा, हात उचला, सुई बदला, तबकडी फडक्याने पुसा, पालटा, पुन्हा ठेवा. सुई झिजलेली असली तर लताबाईंना सर्दी झाल्यासारखं वाटे. जुनी सुई फेकायची नाही. मंडपात पोरंसोरं अनवाणी फिरतात. ती रिकाम्या काडेपेटीत जायची. आजोबांच्या खिशात अशी एक काडेपेटी कायम असे, आणि तो बिडी ओढतो असा जठारपेठेचा समज त्या काडेपेटीनेच करून दिला होता.

सांगायचा मुद्दा हा की अशा माणसाशी प्रेम करणाऱ्या मुलीच्या वाट्याला एका वेळी तीन मिनिटं येतात.

पहिली तीन मिनिटं १९६५ च्या उन्हाळ्यात आली. तिच्या चुलत बहिणीचं लग्न. यंत्रावर बसलेल्या पोराला चहा नेऊन देण्याचं काम घरातल्या कुणाला तरी करावं लागतं, ते तिच्याकडे आलं. आदल्याच वर्षी 'संगम' येऊन गेला होता. दोन मित्र आणि एक नायिका, असला पेच असलेल्या सिनेमाची गाणी लग्नात लावावीत का, यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचं दुमत होतं. तिने कपबशी ठेवली आणि निरोप दिला, "बाबा म्हणतात, 'संगम' नको." तो म्हणाला, "मग तुमाले कोनतं पाह्यजे?" ती म्हणते, आयुष्यात तिला काय पाहिजे हे विचारणारा तो पहिला पुरुष. तो म्हणतो, हे आपण सगळ्यांनाच विचारायचो, धंदाच तो होता.

अॅम्प्लिफायरवर 'शिकागो रेडिओ'ची पट्टी होती. पोरगं ती रोज पुसायचं, आणि गिऱ्हाईक नवं असलं की ऐकवायचं, "सुधा मल्होत्राच्या सासरचा माल हाय." यात थाप नव्हती. गांधीजी आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर जी 'शिकागो रेडिओ'ची पाटी दिसते, ती कंपनी मोटवाने कुटुंबाची. 'दीदी' चित्रपटात साहिर लुधियानवींच्या गीताला स्वतः चाल लावून गाणाऱ्या सुधा मल्होत्रा १९६० साली त्याच घरात गिरिधर मोटवाने यांच्याशी लग्न करून गेल्या, आणि सिनेमाचं गाणं त्यांनी जवळजवळ थांबवलं. गायिका घरात बसली आणि सासरचे भोंगे देशभर गात राहिले. नशीब मराठी माणसाचं, की त्यानंतरही अरुण दात्यांबरोबर 'शुक्रतारा' गायला त्या आल्या. चाल श्रीनिवास खळ्यांची, शब्द पाडगावकरांचे. दाते स्वतः कापडगिरण्यांत नोकरी करणारे टेक्स्टाइल इंजिनिअर. तेव्हा त्या गाण्यात वऱ्हाडच्या कापसाचाही एखादा धागा असणार, असं आजोबांचं म्हणणं आहे. आजीबाई यावर फक्त मान हलवतात.

आजीबाईंचे वडील एका जिनात हिशेब लिहायचे. सरकी किती, रुई किती, घट किती, हे ज्या माणसाच्या डोक्यात चोवीस तास चालतं त्याच्या नजरेतून मुलीचं दर बुधवारी आठ वाजता रेडिओजवळ बसणं सुटणार नव्हतं. पण त्यात वावगं काही नव्हतं, कारण बुधवारी आठ वाजता सगळा देशच तिथं बसलेला असे. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार करणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांनी १९५२ मध्ये दार लावलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिलोनवरून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' खिडकीतून आत आली. सरकारने १९५७ मध्ये विविध भारती काढली, पण बुधवार सिलोनचाच राहिला. शॉर्ट वेव्हवर काटा केसभर सरकला की कोलंबो जाऊन चिनी भाषा यायची; तेव्हा घरात काट्याला हात लावायचा मान एकालाच. हिच्या घरी तो मान वडिलांकडे होता.

आता प्रेमपत्राचा प्रश्न. टपाल वडिलांच्या हाती पडायचं. मग पोराने डोकं लढवलं. सिलोनच्या फर्माइशी कार्यक्रमांत देशभरातून पोस्टकार्डं जायची. तेव्हाच्या बिहारमधलं झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव तर केवळ फर्माइशींच्या जोरावर घराघरात पोचलं. त्यानेही कार्ड टाकलं. आपलं नाव लिहिलं. तिचं लिहायची सोय नव्हती, म्हणून पुढे लिहिलं, 'आणि जठारपेठेतील सर्व श्रोते'. मग कार्डांचा सपाटाच लावला. अखेर एका दुपारी निवेदकाने कार्ड वाचलं, अकोल्याचं नाव घेतलं, आणि जठारपेठेच्या तमाम श्रोत्यांच्या वतीने गाणं लागलं. ती स्वयंपाकघरात पोळपाटावर वाकून लाल झाली. वडील मात्र दुसऱ्या दिवशी जिनात सांगत सुटले, "काल सिलोनवर आमच्या पेठेचं नाव आलं!" कुण्या भल्या माणसाने आपल्या पेठेची एवढी आठवण ठेवली, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

दुसरं पत्र हातोहात पोचलं, चहाच्या कपाखालून. चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं. ज्या माणसाला पावतीवर 'भोंगा १, माईक १' यापलीकडे लिहायचा सराव नाही, त्याच्या पत्रात अशी नाजूक शब्दकळा कुठून आली? तिने कॉलेजच्या ग्रंथालयातून सुरेश भटांचा 'रूपगंधा' काढला आणि छडा लागला. हा संग्रह १९६१ चा; तेव्हा भट अमरावतीबाहेर आजच्याएवढे माहीत नव्हते, आणि चोरी त्यामुळेच पचेल असा याचा हिशेब होता. तिने उत्तर पाठवलं की शब्द ज्यांचे आहेत ते गृहस्थ अमरावतीला राहतात, तेव्हा भेटायचं तर त्यांनाच भेटावं म्हणते. पोरगं हादरलं. पुढचं पत्र त्याने स्वतः लिहिलं. चार ओळी, सहा चुका. ते तिच्याजवळ अजून आहे. भटांच्या शब्दांचं पत्र तिने फाडलं, याचं दुःख आजोबांना आजही आहे. "भट सायेब दोनदा बी.ए. नापास झाले होते," ते सांगतात, "अन् मंग पास झाले. मीही तिसऱ्या पत्रात पास झालो न."

हे खरंच आहे. भट १९५५ साली बी.ए. झाले, दोन अपयशांनंतर. मराठी गझलेला त्या अपयशांनी काही झालं नाही.

दोघांच्या आठवणीतली सर्वांत लांब भेट मात्र शकुंतलेच्या कृपेने झाली. नात्यातलं एक लग्न अचलपूरला, आणि भोंगा अकोल्याहूनच नेऊ, असं ठरलं. कारण अचलपूरचा महाग पडत होता. हे वडिलांनीच काढलेलं गणित. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून सगळं बिऱ्हाड शकुंतलेत चढलं. अरुंद रुळांची ही गाडी किलिक निक्सन या विलायती कंपनीच्या मालकीच्या मार्गावर धावायची. तिचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते पुढे १९९४ पर्यंत कामावर होतं. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. एखादा म्हातारा खाली उतरून, धोतर सावरून, पुन्हा आपल्याच डब्यात चढू शकेल असा तिचा वेग. ती खिडकीशी, शेजारी आई, आत्या, दोन काकू आणि पेढ्यांची टोपली. समोरच्या बाकावर तो, मांडीवर भोंगा. भोंग्याचं तोंड, अर्थातच, तिच्याकडे. बोलणं शून्य. आत्याने वाटेत एकदा विचारलं, "एवढा जड भोंगा खाली ठेव की रे." तो म्हणाला, "पोचा पडते." चार तास त्या पितळी-पांढऱ्या नरसाळ्याआडून दोन डोळे दिसत होते, एवढीच ती भेट. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती विचारतात, मग केलं काय? आजीबाई म्हणतात, "पेढे खाल्ले."

आईला संशय यायचा तो भोंग्यामुळेच आला. गल्लीत लग्न कुठेही असो, गाणी आपल्याच माडीवर का आदळतात, हा प्रश्न तिने एक दिवस मोठ्याने विचारला. निकाल लगेच लागला. मुलीला अमरावतीला, अंबापेठेत मावशीकडे धाडायचं. तिथं अंबादेवीचं दर्शन होईल, अभ्यास होईल, डोकं ताळ्यावर येईल.

नवरात्र जवळ आलेलं. अंबादेवी आणि एकवीरेच्या जत्रेत अमरावतीचा तो भाग पाळणे, बांगड्यावाले आणि भोंगे यांनी गच्च भरतो. पोरगं मालकापुढे उभं राहिलं की अमरावतीला एका मंडळाचं काम आहे, भाव जरा कमी देतात. मालक म्हणाला, "अकोल्यातल्या देव्या सरल्या काय बे?" पण परवानगी दिली, भाड्याचा खर्च ज्याचा त्याने या बोलीवर. बडनेऱ्याला गाडी बदलायची, तिथून अमरावतीचा फाटा. गर्दीत भोंगा डोक्यावर उलटा घालून तो उभा होता, आणि फलाटावरच्या एका बाईने त्याला हात जोडल्याचं तो शपथेवर सांगतो.

आणि मग नऊ दिवस मावशीच्या ओसरीवर पहाटेची काकड आरती, दुपारची भजनं, रात्रीचा गोंधळ, सगळं असं ऐकू येऊ लागलं की देवी शेजारच्या खोलीत राहायला आली असावी. मावशीला गुडघ्यांमुळे देवळापर्यंत जाणं होत नसे. तिने चौकशी केली, हा एवढा भक्तिमान पोरगा कोण? चौथ्या दिवशी त्याला फराळाला बोलावलं. आठव्या दिवशी तिने अकोल्याला पत्र टाकलं, की मुलीसाठी स्थळ पाहता आहात असं समजते, तर माझ्या नजरेत एक आहे.

वडिलांनी स्थळ ऐकलं आणि हिशेबाची वही उघडली. त्यांचा विरोध जातीवरून कमी आणि पंचांगावरून जास्त होता. आषाढ ते कार्तिक मुहूर्त नाहीत. पौषात नाहीत. अस्त असले की नाहीत. "मग खाता काय?" त्यांनी समोर बसवून विचारलं. पोराने बोटांवर मोजलं. श्रावणात राजराजेश्वराची कावड, मग गणपती, मग देवी. गुरुदेव सेवा मंडळांची भजनं बारा महिने; तुकडोजी महाराजांची खंजिरी शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची तर भोंगा लागतोच. वडिलांनी आकडे मांडले, बेरीज केली आणि वही मिटली. बेरीज सांगितली नाही.

पोराला तारलं ते लोकशाहीने. फेब्रुवारी १९६७ मध्ये लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र आल्या, त्याही ऐन लग्नसराईत. जीपवर भोंगा, बैलगाडीवर भोंगा, सायकलवर भोंगा. तो सकाळी एका पक्षाचा, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी नवरदेवाचा. आदल्या वर्षी 'बिनाका'त पहिलं आलेलं 'सूरज'चं गाणं वरातीत वाजवून घसा बसला नव्हता, पण "बंधू-भगिनींनो" म्हणून म्हणून बसला. त्या दोन महिन्यांची कमाई त्याने जिनातल्या टेबलावर नेऊन मोजून दाखवली. वडिलांनी ती परत मोजली आणि म्हणाले, "ठीक आहे. मुहूर्त पाहू."

मुहूर्त पाहायला घेतला तर गुरू सिंह राशीत निघालेला. सिंहस्थ! नाशिकला साधूंची पर्वणी आणि वऱ्हाडात लग्नं बंद. मानणाऱ्या घरांनी कार्यं पुढे ढकलली, म्हणजे याचं स्वतःचं लग्नही ढकललं गेलं आणि दुसऱ्यांची ढकलल्यामुळे धंदाही बसला. एकाच ग्रहाने दोन्हीकडून मारलेला इसम वऱ्हाडात दुसरा नसेल. त्यात १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर मुंबई-पुण्याबरोबर नागपूरवरूनही जाहिराती सुरू झाल्या. तेव्हा तो रेडिओसमोर रिकामा बसून साबण आणि टूथपेस्टच्या जाहिराती पाठ करत असे. त्या त्याला आजही येतात. म्हणायला सांगू नये.

लग्न अखेर १९६९ च्या उन्हाळ्यात लागलं, जठारपेठेतच. भोंगा साहजिकच घरचा. यंत्रावर बसवला नवशिका पोऱ्या. मंगलाष्टकं व्यवस्थित झाली, माईकवर अक्षतांचा आवाजसुद्धा आला. पण सप्तपदीच्या आधी त्याने तबकडी लावली ती जुन्याच सुईवर, आणि मंडपभर घरघर सुरू झाली. नवरदेवाचा चेहरा बदलला. भटजी "सावधान" म्हणायला चुकले असते तरी त्याला कळलं नसतं, पण सुई कळली. शेल्याची गाठ सोडवायला वेळ नव्हता. तो उठला, गाठीमागून ती ओढली गेली, आणि होमाला वळसा घालून दोघं यंत्रापाशी पोचली. त्याने सुई बदलली. जुनी कुठे टाकू म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर तिने मेंदीचा हात पुढे केला.

पुढे कॅसेट आल्या, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम २००० साली आला; तो त्यांच्या घरात आजीबाईंनी त्याआधी तीस वर्षं लागू केलेला होता, असं शेजारी सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीन सायानी गेले. त्या बुधवारी रात्री आठ ते नऊ घरात टीव्ही लावला नाही.

भोंगा माळ्यावर आहे, एका जागी पोचा आलेला. आजोबांनी तो ठेवला तेव्हा तोंड खोलीकडे होतं. आजीबाईंनी शिडीवर चढून ते भिंतीकडे केलं.